१ जूनची पंचाहत्तरी

मी लालबाग-परळ भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. हे प्रकरण त्यातल्याच एका घरातलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईंना इथे नुसतं ‘मावशी’ म्हणते. त्यांच्या घरीही मी त्यांना तसंच म्हणते.

पार्श्वभूमी

मावशी मूळच्या पाटण तालुक्यातल्या. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या आणि एका खोलीत गिरणीकामगारांची खानावळ चालवू लागल्या. बावीस माणसं, दोन पंगती, पाळ्यांप्रमाणे वेळा. कोणाचे किती खाडे, कोणाकडे किती उधारी, सगळं तोंडपाठ. लिहिता फक्त सही यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पंगतीतले बहुतेक जण हळूहळू गावाला गेले आणि उधारी त्यांच्याबरोबर गेली. मग मावशींनी पंचवीसेक वर्षं एका पोळीभाजी केंद्राला पोळ्या लाटून दिल्या. मुलगा शिकला, नोकरीला लागला. यजमान वारले. चाळीचा पुनर्विकास झाला आणि २०१९ मध्ये मावशी चौदाव्या मजल्यावर राहायला गेल्या.

चाळ सोडल्याचं त्यांना दुःख नव्हतं. सामायिक संडासातून सुटका झाली याचा आनंदच होता. पण चाळीत त्या दिवसातून किती चालत होत्या, हे कोणी कधी मोजलं नव्हतं: नळावर, गॅलरीच्या त्या टोकाला, खाली वाण्याकडे, वर पापड वाळत घालायला. टॉवरमध्ये पाणी चोवीस तास, वाणी फोनवर, आणि दार लावलेलं. शिवाय सून खरोखर चांगली. “आई, तुम्ही बसा” हे वाक्य त्या घरात दिवसातून वीस वेळा तरी म्हटलं जात असेल. आयुष्यभर राबलेल्या बाईला आता विश्रांती द्यायची, यात खोट कुठे काढणार?

दिवाळी २०२२ नंतरच्या आठवड्यात मावशी पहाटे बाथरूमला जाताना पडल्या. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर झालं. प्लास्टर निघाल्यावर, डिसेंबरच्या मध्याला, मनगटाच्या व्यायामासाठी मला बोलावलं.

अडचण

मनगट उत्तम जुळलं होतं. बाई मात्र थांबल्या होत्या.

पलंग, खुर्ची, बाथरूम, परत पलंग. अर्धा मिनिट वेळ लावून हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ही आमची साधी चाचणी. पंचाहत्तरीच्या आसपासच्या बाईला दहाच्या खाली जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. मावशींना चार जमलं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला बारा सेकंदांपेक्षा जास्त लागले तरी आम्ही सावध होतो. त्यांना सव्वीस लागले.

मुलगा म्हणाला, “वय झालं हो तिचं.” सून म्हणाली, “वयच ना आता.” फॅमिली डॉक्टरांच्या कागदावर ‘वयोमानानुसार अशक्तपणा’ असं होतं. आणि मी, पहिल्याच भेटीत, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाले, “मावशी, या वयात एवढं चालताय हेच खूप आहे.” ते वाक्य मला पुढे बरेच दिवस टोचलं.

मावशींचं स्वतःचं गणित तर आणखी पक्कं होतं. त्यांची आई चौऱ्याहत्तरीला गेली, थोरली बहीण पंचाहत्तरीला. “आमच्यात पंचाहत्तरीच्या पुढं बाईमाणूस गेलंच न्हाई. गोवऱ्या गेल्या मसणात, आता कशाला पाय हलवायचे?” कपाटात एक कोरं लुगडं आणि गंगाजलाची कुपी त्यांनी वेगळी ठेवली होती. खानावळीची पितळी पातेली नातेवाइकांत वाटून झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ऑपरेशनचा विषय त्यांनी दोनदा उडवून लावला होता: “दोन वर्सासाठी कशाला पैसं घालवता?” आधार कार्डावर जन्म १ जून १९४९. म्हणजे हिशेबाने दीड वर्ष उरलेलं.

त्या उदास दिसत नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. रडत नव्हत्या, कुरकुरत नव्हत्या, नातवाशी थट्टा करत होत्या. स्टेशन जवळ आलं की आपण डब्यात दाराशी जाऊन उभे राहतो ना, तशा त्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

अभ्यास काय सांगतात

वयाबद्दलची आपली समजूत आणि आपलं आयुष्य यांचा संबंध लावणारा सर्वांत गाजलेला अभ्यास येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा, २००२ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० जणांना १९७५ मध्ये ‘वय वाढतं तशी मी निरुपयोगी होत चाललेय’ अशा छापाची विधानं पटतात का, हे विचारलं होतं. पुढच्या तेवीस वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदींशी ती उत्तरं ताडून पाहिली. आपल्या म्हातारपणाकडे बऱ्या नजरेने पाहणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. सुरुवातीची तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. लेव्ही यांच्याच संशोधकगटाच्या २०१२ च्या अभ्यासात, गंभीर परावलंबित्व आलेल्यांपैकी ज्यांची वार्धक्याबद्दलची धारणा चांगली, ते पूर्ण सावरण्याची शक्यता ४४ टक्क्यांनी जास्त निघाली.

मात्र हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आतून पोखरलेल्या माणसाला आधीच काहीतरी जाणवत असेल आणि म्हणून तो निराश बोलत असेल, ही शंका पूर्ण जात नाही. मला स्वतःला त्याहून उपयोगी वाटतो तो कॅनडातला एक छोटा अभ्यास. त्यात ऐंशी आणि त्यापुढच्या १०५ लोकांना त्यांच्या दुखण्यांची कारणं विचारली होती. ‘म्हातारपण’ हेच कारण ठामपणे सांगणाऱ्यांत पुढच्या दोन वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. जादू वगैरे सोडा. ‘वय’ हे उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, ना माणूस, ना घरचे, ना डॉक्टर. आपल्याकडे तर उत्तर म्हणीतच तयार असतं: साठी बुद्धी नाठी.

समोर असलेले पर्याय

जानेवारीच्या पहिल्या रविवारी मुलगा, सून, डोंबिवलीहून आलेली मुलगी आणि मी बसलो. मावशी आतल्या खोलीत होत्या. त्यांना बाहेर बोलवायचं आम्हा चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मुलाचा कल ब्यूरोमार्फत बारा तासांची बाई ठेवण्याकडे होता. महिन्याला बावीस हजार सांगितले होते आणि तो ते द्यायला तयार होता. रात्री डायपर लावायचं, म्हणजे पहाटे बाथरूमला जायलाच नको, अशीही सूचना आली. लघवीवर पूर्ण ताबा असलेल्या बाईला पडू नये म्हणून डायपर! मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. मुलीचं म्हणणं, आईला डोंबिवलीला न्यावं, घर तळमजल्यावर आहे. पण तिथे ओळखीचं कोणीच नव्हतं आणि मुलगी सकाळी साडेसातची लोकल धरून बाहेर पडणारी. कर्जतच्या एका वृद्धाश्रमाचं नावही एकदा निघालं आणि लगेच मागे घेतलं गेलं.

मी सांगितलं, तीन महिने द्या. आधी त्या का पडल्या ते शोधू, मग पायांत ताकद आणू, आणि घरातलं काही काम परत त्यांच्या हातात देऊ. मुलाने विचारलं, “या वयात मसल येतात का?” प्रश्न रास्त होता. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धनिवासात नव्वदीच्या दहा जणांवर वजनं उचलण्याचा प्रयोग झाला. आठ आठवडे टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मुलगा अकाउंट्समधला, आकडा त्याला पटला. बाई ठेवायचं तीन महिन्यांसाठी पुढे ढकललं.

काय केलं

पहिलं काम मी पहिल्याच भेटीत करायला हवं होतं. रक्तदाब आडवं असताना मोजला आणि मग उभं करून मोजला. आडवं असताना वरचा आकडा १३८, उभं राहिल्यावर ११२. उठल्यावर वीस किंवा जास्त अंकांनी घसरण झाली की चक्कर येऊ शकते, तोल जाऊ शकतो. मावशींची रक्तदाबाची गोळी चार वर्षांपूर्वी ठरलेली होती आणि त्यानंतर त्यांचं वजन आठ किलोंनी उतरलं होतं. पहाटे उठल्यावर ‘डोळ्यापुढं काळं येतं’ असं त्या वर्षभर सांगत होत्या, आणि सगळे मान डोलावून ‘वय’ म्हणत होते. गोळ्या बदलणं माझं काम नाही. आकडे लिहून फॅमिली डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी राग न मानता, उलट आभार मानून, डोस कमी केला, रक्ताच्या तपासण्या केल्या आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं तेही सुरू केलं. दोन आठवड्यांत चक्कर जवळजवळ गेली.

व्यायामाचं मात्र हसं झालं. मी दहा व्यायामांचा छापील कागद दिला. वाचता न येणाऱ्या बाईला! तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता, मावशींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या भेटीत मी कागद काढून टाकला आणि विचारलं, “मावशी, तुम्हाला काय करायचंय?” “काय न्हाई.” पुन्हा विचारलं. बराच वेळ गप्प बसल्या, मग एकदम उसळून म्हणाल्या, “मसाला. गेल्या सालचा मसाला पोरानं तयार पाकिटातला आणला. त्याला चव का ढव?”

इथून सगळं फिरलं. मिरची गल्ली त्यांच्या टॉवरपासून चालत दहा मिनिटांवर. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करायचा तर गल्लीपर्यंत चालायला हवं, बेडगी आणि संकेश्वरी हाताने पारखायला हवी, कांडपवाल्याकडे निदान तासभर उभं राहायला हवं. ‘स्नायूंची ताकद वाढवा’ यात मावशींना काडीचा रस नव्हता. ‘कांडपाला तासभर उभं राहायचंय’ हे त्यांना कळलं. खुर्चीतून उठ-बस त्या ‘पंगत उठली, पंगत बसली’ म्हणून मोजू लागल्या. ओट्याशी उभं राहून टाचा उचलायच्या, एका पायावर ओटा धरून उभं राहायचं, लॉबीत लिफ्टपर्यंत दोन फेऱ्या, मग चार. बाथरूममध्ये दोन दांडे बसवले, रात्रीचा छोटा दिवा लावला.

सुनेशी बोलणं सर्वांत नाजूक होतं. तिच्या मायेलाच मी बोट लावत होते. तिला वाटलं, मी म्हणतेय की तिने सासूला आजारी पाडलं. पहिल्यांदा ती रडली, दुसऱ्यांदा रागावली. शेवटी तोडगा तिनेच काढला: कणीक मळणं आणि भाज्या निवडणं मावशींकडे, गरम तेल आणि उकळतं पाणी सध्या तिच्याकडे. मी तिला कनेक्टिकटमधल्या वृद्धनिवासाची गोष्ट सांगितली. १९७६ मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी तिथल्या एका मजल्यावरच्या लोकांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी परिचारिकांनी घातलं. दीड वर्षाने पहिल्या गटात मृत्यू कमी होते. लोक थोडे होते, आणि आकडेमोडीतली एक चूक नंतर लेखिकांनीच दुरुस्त केल्यावर तो मृत्यूंचा निष्कर्ष बराच नरम पडला, हेही सांगितलं. सून म्हणाली, “म्हणजे आईंची कणीक म्हणजे रोप.” मला त्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत माझी घाई नडली. लॉबी जमतेय म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना थेट खाली घेऊन गेले. लिफ्टचं दार त्या आत शिरताना मिटायला लागलं, त्या घाबरून तिथेच खाली बसल्या. लागलं काही नाही. पण पुढचे दोन आठवडे पलंग सोडला नाही आणि मला बघून तोंड फिरवून घेतलं. मुलाने ब्यूरोला पुन्हा फोन केला. तो त्या दिवशी बाई ठेवता तर मी त्याला दोष दिला नसता.

पंचाहत्तरीचं काय?

या समजुतीला हात घालायचा की नाही, हा माझ्यासाठी खरा पेच होता. आधी मी आकडा वापरून पाहिला. साडेसात वर्षांचा अभ्यास मोठ्या उत्साहाने सांगितला. मावशी खुसुखुसू हसल्या. “साडेसात? म्हंजी साडेसाती की गं!” विषय संपला.

नातू तेव्हा मोबाइलवरचे ‘सकारात्मक राहा’ छापाचे संदेश वाचून दाखवायचा. त्याने मावशी वैतागायच्या, आणि बरोबरच होतं. आयुष्य ओढून काढलेल्या बाईला ‘तुमचे विचार नीट नाहीत म्हणून तुम्ही पडलात’ असं ऐकवणं म्हणजे आजाराचं ओझं तिच्याच डोक्यावर ठेवणं.

एकदा पायाला तेल लावता लावता सहज विचारलं, “आईला काय झालं होतं हो?” दमा. आयुष्य चुलीच्या धुरात गेलं, शेवटची चार वर्षं खोकत काढली, औषध गावच्या वैदूचं. आणि बहीण? साखर. पायाची जखम चिघळली, दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. मावशी सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. “मला न्हाई साखर,” म्हणाल्या. मी काही बोलले नाही. घराण्याचा आकडा म्हणून जे होतं, ती दोन वेगवेगळी दुखणी होती, आणि त्यांतलं एकही त्यांना नव्हतं.

पुढचं जे घडलं त्यात माझं कर्तृत्व शून्य. मार्चमध्ये गावाहून त्यांचे मोठे भाऊ आले. बोलता बोलता आधार कार्डावरच्या १ जूनचा विषय निघाला. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण जन्मतारीख माहीत नसली की शाळेचे मास्तर नाहीतर कार्यालयातला कारकून तीच लिहायचा. भाऊ म्हणाले, “एकोणपन्नास कसलं? गांधीजींना मारलं तवा आपल्या भागात जाळपोळ झाली, तवा तू रांगत होतीस. आईनं तुला काखेत मारून माळावर पळवलेलं.” गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ची. तेव्हा रांगत असलेलं मूल १९४७ च्या मध्याला जन्मलेलं असणार. नातवाने बोटांवर हिशेब केला आणि ओरडला, “आजी, तुझी पंचाहत्तरी दिवाळीच्या आधीच झाली!”

मावशी म्हणजे पडण्याच्या आधीच ती रेघ ओलांडून आल्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मंग हे बोनसचं चाललंय म्हणायचं.” गिरणगावात बोनसला काय किंमत होती, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना या शब्दाचं वजन कळेल.

त्यांच्या मनातली समजूत गेली की नुसती पुढे सरकली, हे मला सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टपर्यंत त्या आपण होऊन गेल्या. दार मी हाताने धरलं.

निष्पत्ती

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी मिरची गल्लीत गेल्या. एका हाताला सून, दुसऱ्या हातात काठी. एका दुकानातली बेडगी ‘नुसता रंग’ म्हणून नाकारली, दुसरीकडे घेतली. कांडपाकडे स्टूल दिलं तेव्हा चाळीस मिनिटांनी बसल्या, म्हणजे तासभर काही जमलं नाही. घरी येऊन संध्याकाळपर्यंत झोपल्या आणि गुडघे दोन दिवस दुखले.

जूनमध्ये अर्ध्या मिनिटात नऊ उठ-बशा, तीन मीटरला पंधरा सेकंद. दोन्ही आकडे अजून धोक्याच्याच बाजूला. मुलाला मी ते तसेच सांगितले. बाई ठेवली नाही. त्यानंतर एकदा, पावसाळ्यात, लॉबीच्या ओल्या फरशीवर घसरल्या. पण भिंतीचा दांडा धरला आणि नुसतं खरचटलं.

आयुष्य किती वाढलं, हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि कोणी सांगू नये.

वेगळं काय करता आलं असतं

उभं करून रक्तदाब मोजायला मी तिसरी भेट उजाडू दिली, ते पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. रविवारच्या बैठकीत मावशी नव्हत्या, ही दुसरी चूक आणि माझ्या मते सर्वांत मोठी. त्यांच्या म्हातारपणाचा निर्णय आम्ही त्यांना वगळून घेत होतो आणि वर त्यांच्याच मनोवृत्तीची चर्चा करत होतो. आई-बहीण कशाने गेल्या हा प्रश्न नोंदींच्या कागदावर असतोच; मी त्यात ‘वार्धक्य’ लिहून पुढे गेले होते. लिफ्टची तालीम रिकाम्या दुपारी, दार अडवून करायला हवी होती.

कपाटातल्या लुगड्याबद्दल मी आधी सुनेला सुचवलं होतं की ते तिथून हलवा, त्यांना सारखं मरण आठवतं. तिने ऐकलं नाही, ते बरं झालं. आपल्या जाण्याची तयारी करून ठेवणं वेगळं आणि जगणं थांबवणं वेगळं, हे मला तेव्हा समजत नव्हतं. लुगडं आणि कुपी अजून तिथेच आहेत. कानाचं यंत्रही आता त्याच कप्प्यात आहे, कारण ते घालायला मावशी साफ नकार देतात: “सगळंच ऐकून काय करायचंय?”

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदू २०२४ मध्ये काढलं. डाव्याची तारीख दोनदा पुढे ढकलली आहे. मागच्या महिन्यात मी जरा दटावून कारण विचारलं. ऑपरेशननंतर काही दिवस चुलीपाशी जायचं नाही म्हणतात, आणि गौरी तर तोंडावर आलेल्या. नैवेद्याचं पुरण सुनेला अजून बिघडवल्याशिवाय जमत नाही. गौरी गेल्या की बघू, म्हणाल्या. मी कॅलेंडरवर गौरी-विसर्जनानंतरच्या सोमवारी पेनने गोल केला आणि सुनेला दाखवला.